उतरणीची तीन मिनिटं

लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण ह्यांनी स्वतःहून कुठे फिरायला जाऊ या म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे त्या रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत आमचे हे म्हणाले की घाटातून जाणाऱ्या त्या मोठ्या खिडक्यांच्या गाडीने आपण जाऊन येऊ या, तेव्हा मी आधी ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग मला वाटलं, माणसाला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, उशिरा का होईना शहाणपण सुचलं असेल. मी गप्प बसले. गप्प बसणं हा काही माझा स्वभाव नाही, पण मला ते डोंगर बघायचे होते.

हे रेल्वेच्या वेळापत्रक खात्यात होते. एकतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच भिंतीसमोर. भिंतीवर हा एवढा थोरला फळा. त्यावर खालून वर एकेक स्टेशन, डावीकडून उजवीकडे दिवसाचे चोवीस तास, आणि टाचण्यांना ताणून बांधलेले रंगीत दोरे. एक दोरा म्हणजे एक गाडी. दोन दोरे जिथे एकमेकांना छेदतात तिथे एका गाडीने बाजूच्या रुळावर थांबायचं आणि दुसरीला वाट द्यायची. घाटातली प्रत्येक गाडी ह्यांच्या हातून गेलेली. कोणता बोगदा कितव्या मिनिटाला येतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. आणि त्या घाटात हे कधी गेले नव्हते. मी किती वेळा म्हटलं असेल, अहो, एकदा जाऊन बघू या तरी. ह्यांचं ठरलेलं उत्तर, त्यात बघायचं काय, सगळं भिंतीवर आहे.

घरातही तीच तऱ्हा. आंघोळीला आठ मिनिटं, चहाला अकरा. लेक झाली त्या दिवशी दवाखान्यात पोचलो तेव्हा आमच्या हातात बारा मिनिटं शिल्लक होती, कारण ह्यांनी ती महिनाभर आधीच राखून ठेवली होती. मी कळा देत होते आणि हे घड्याळाकडे बघून समाधानाने मान हलवत होते. तेव्हाच मी समजून चुकले की ह्या माणसाचं प्रेम असंच असणार, मिनिटांत मोजलेलं. पण होतं मात्र भरपूर.

आता लेकीचं सांगायला हवं, कारण जे काही झालं ते तिच्यावरूनच. लेक रेल्वेगाडी चालवते, आणि तीही त्याच घाटात. ती परीक्षा पास झाली तेव्हा ह्यांनी सगळ्या खात्याला चहा पाजला आणि फळ्यावर तिच्या पहिल्या गाडीचा दोरा बदलून लाल लावला, इतरांना पत्ता लागू न देता. दोन वर्षं बरी गेली. मग एकदा माथ्याच्या स्टेशनावरून पलीकडच्या पायथ्याला उतरणारी एक गाडी वेळेवर थांबली नाही, सिग्नल ओलांडून चांगले दोन डबे पुढे गेली. कुणाला खरचटलंही नाही, पण चौकशी बसली. तिथे गाड्या चालवणाऱ्यांना एकेक करून विचारलं. बाकीचे इकडचं तिकडचं बोलले. आमची लेक सरळ म्हणाली की ह्या उतरणीला वेळापत्रकात तेवीस मिनिटं दिली आहेत, भरलेली गाडी तेवीस मिनिटांत नीट उतरत नाही, सव्वीस लागतात. मग माणसं एकतर रोज उशिराचा ठपका घेतात, नाहीतर जोरात आणतात. वेळापत्रक कुणाचं, असं विचारल्यावर तिने नाव सांगितलं. नाववाले समोरच बसले होते.

ह्यांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. उतरणीला तीन मिनिटं वाढवून मिळाली, ह्यांचा दोरा काढून दुसरा लावला गेला. निरोपाच्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण न बोलण्याचाही आवाज येतो. घरी मात्र बोलणं झालं, आणि नको इतकं झालं. लेक म्हणत होती, बाबा, तुम्ही एकदा त्या गाडीत बसून तरी बघा. हे म्हणाले, मला शिकवू नकोस, आणि माझ्या कामाला खोटं पाडणाऱ्याला ह्या घरात जागा नाही. असली वाक्यं माणूस रागात बोलतो आणि मग त्यांच्यापाशी अडकून पडतो. लेक पिशवी घेऊन गेली ती गेलीच. पलीकडच्या पायथ्याला गाड्या चालवणाऱ्यांची घरं आहेत, तिथे राहते. चार वर्षं झाली. बाप नाव काढत नाही, लेक पाय ठेवत नाही, आणि मी मधल्यामध्ये दोघांचे स्वेटर विणते.

म्हणून ह्यांनी घाटाचं नाव काढल्यावर माझ्या जिवात काय झालं असेल, ते कुणीही समजू शकेल. मला वाटलं, पाझर फुटला.

दोन दिवसांत जेवणाच्या टेबलावर कार्डबोर्ड आला, टाचण्या आल्या, दोरे आले. आमच्या सहलीचा दोरा हिरवा. घरातून किती वाजता निघायचं, मधल्या स्टेशनावर गाडी बदलायला किती वेळ, जिना चढताना माझे गुडघे किती वेळ खातील, ते सगळं त्यावर. माझ्या गुडघ्यांना चार मिनिटं मिळाली होती. मी म्हटलं पाच तरी द्या, तर हे म्हणाले जिना तेहतीस पायऱ्यांचा आहे, चार पुरे. सकाळी मोठ्या खिडक्यांची गाडी, दुपारी माथा, मग ती उतरण, आणि पलीकडच्या पायथ्याला चाळीस मिनिटं.

मी जपून विचारलं की त्या चाळीस मिनिटांत काय करायचं. हे म्हणाले, फलाटावर चहा घ्यायचा, आणि परतीची गाडी. लेकीचं घर त्या फलाटापासून चालत दहा मिनिटांवर आहे. हे मला माहीत होतं आणि ह्यांनाही माहीत होतं. दोघंही हिरव्या दोऱ्याकडे बघत राहिलो.

मग तिकिटं आली, आणि माझं डोकंच फिरलं. ह्यांनी जागा घेतल्या होत्या त्या डोंगराच्या बाजूच्या. म्हणजे सबंध प्रवासभर एका बाजूला दरी, धबधबे, खालची गावं, ढग, लोक ज्यासाठी देशोदेशींहून येतात ते सगळं. आणि आमच्या नाकासमोर काळा कातळ. एवढ्या मोठ्या खिडकीतून हातभर अंतरावरचा दगड बघायला मी सदतीस वर्षं थांबले नव्हते. मी तसं म्हटलंही, थोडं वरच्या पट्टीत. हे शांतपणे म्हणाले की रुळाशेजारचे किलोमीटरचे दगड त्या बाजूला आहेत. आणि टेबलाच्या खणातून ह्यांनी ते जुनं, बटण दाबून थांबवायचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं.

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. पाझर नाही, नि काही नाही. रेल्वेने नवीन रंगीत पुस्तिका काढली होती, ती ह्यांच्या हाती लागली होती. तिच्यात माथ्यापासूनच्या उतरणीला अजूनही सव्वीस मिनिटं होती. ह्यांना मनातून वाटत होतं की कधीतरी कुणाच्यातरी लक्षात येईल आणि ती पुन्हा तेवीस होतील. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, तेव्हा हे स्वतःच निघाले होते, घड्याळ घेऊन ते दगड मोजत, लेकीला खोटं पाडायला. आणि बरोबर मला नेत होते, साक्षीदार म्हणून.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, भिंगं घासून चौकटीत बसवायची. तीस वर्षं तेच. दुकानात येणारा माणूस कधीच म्हणत नाही की मला कमी दिसायला लागलंय. तो म्हणतो, हल्ली छपाई फिकी करतात. दिवे मंद झालेत. आम्ही हो हो म्हणतो आणि भिंग पुढे करतो, कारण वाद घालून कुणाला दिसायला लागत नाही. पण घरात मला इतका धीर नसतो. त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले की मी येणार नाही. मग रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाले की येते. न जाऊन काय साधणार होतं? निदान लेकीच्या गावच्या फलाटाला माझे पाय तरी लागले असते.

माझं लेकीशी बोलणं होतं, हे मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं आणि हे नेमके चारला फिरायला बाहेर पडतात, पावणेपाचला येतात. एरवी सहाला जातात, गुरुवारीच चारला. का, ते मी विचारलं नाही. आयतं मिळालं होतं, घेतलं. त्या गुरुवारी मी लेकीला सगळं सांगितलं आणि म्हटलं, चाळीस मिनिटं आहेत, तू फलाटावर ये. अचानक समोर आलीस तर काय तोंड फिरवणार आहेत?

"बाबांना सांगितलंयस का?" तिने विचारलं.

नाही म्हटलं.

"मग नको. चोरून भेटायला मी काही चोरी केलेली नाही, आई."

बापाची लेक. मी कपाळावर हात मारून घेतला, पण तिला तो दिसला नाही. घड्याळाचंही मी तिला सांगितलं. ती म्हणाली की मोजू देत, त्यांच्या मनाचं समाधान होऊ दे. पण ती तेवीस मिनिटं मुळात कुणी मोजली आणि कशी मोजली, हे कुणी त्यांना विचारलंय का, असं मात्र तिने मला विचारलं. चौकशीतही कुणी ते विचारलं नव्हतं. सगळ्यांनी सव्वीस मान्य केली आणि फाइल मिटली.

तर जेवताना मी भाजी वाढत, अगदी भोळेपणाने, हा प्रश्न ह्यांना विचारला. ह्यांना तो अपमान वाटला. वेळापत्रकात मनाला येईल तो आकडा कुणी घालत नाही, रीतसर चाचणी झाली होती, माझ्या सहीचा कागद आहे, असं हे म्हणाले. मी म्हटलं, असेल हो, मी कुठे नाही म्हणते, मला आपलं दाखवा एकदा. साक्षीदाराला कागदपत्रं बघायला नकोत का?

हे घुश्शात उठले आणि खात्यात फोन लावला. आता तिथे जो साहेब आहे तो ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. ह्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, म्हणून खात्यात त्याला अजून धाकटे साहेब म्हणतात. ह्यांनी त्याला चाचणीच्या कागदाची नक्कल मागितली.

इथे खात्याची एक पद्धत सांगायला हवी, आणि ती पद्धत ह्यांनीच घातलेली. पूर्वी चाचण्यांचे सुटे कागद इकडे तिकडे व्हायचे. ह्यांनी फर्मान काढलं की कागद आला की ताबडतोब जाड वहीत खळ लावून चिकटवायचा, चारही कडा पक्क्या, वर सही करायची. त्यानंतर एकही कागद हरवला नाही. ह्याचा ह्यांना इतका अभिमान होता की पाहुण्यांनाही ही गोष्ट ऐकवायचे. पाहुणे बिचारे काय बोलणार?

धाकटे साहेब चार दिवसांनी स्वतः घरी आले. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, चहा घेतला, हिरव्या दोऱ्याचं कौतुक केलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. निघताना दारात ते नुसतं एवढं म्हणाले की वही जुनी झालीय, खळ सुटलीय, त्यामुळे कागद अलगद निघाला, म्हणून दोन्ही बाजूंची नक्कल आणलीय. मग खाली बघत, घाईघाईने जिना उतरून गेले.

ह्यांनी पाकीट फोडलं. पहिल्या पानावर आकडे होते, माथा ते पायथा, तेवीस मिनिटं, आणि खाली ह्यांची टपोरी सही. ते पान ह्यांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे सरकवलं. दुसरं पान हातात घेतलं आणि वाचत राहिले. दोनच ओळी होत्या, पण ह्यांना खूप वेळ लागला. मी शेवटी उठून खांद्यावरून पाहिलं. चाचणी घेणाऱ्याने कागदाच्या मागे लिहिलं होतं की गाडी रिकामी होती, प्रवासी आणि सामान नव्हतं, वेळ ठरवताना ह्याचा विचार व्हावा.

रिकाम्या गाडीच्या वेळेवर आठवा हिस्सा चढवायचा, हे मलासुद्धा पाठ आहे. नव्या माणसांना घरी बोलावून आमचे हे ते जेवणाच्या टेबलावरच शिकवायचे. तेविसाचा आठवा हिस्सा म्हणजे जवळजवळ तीन. सव्वीस. पण ती ओळ कागदाच्या पाठीमागे होती आणि कागदाची पाठ ह्यांच्याच नियमाने वहीला चिकटलेली होती. दुसऱ्या कुठल्याही गबाळ्या खात्यात ती कुणीतरी वाचली असती.

खरंच सांगते, मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. ह्यांची मान बघून मला भडभडून आलं. हे एकतीस वर्षं एका मिनिटाचा दुसऱ्या मिनिटाला धक्का लागू देत नव्हते, आणि ह्यांच्या एका सहीखाली बारा वर्षं रोज भरलेल्या गाड्या त्या उतरणीवरून जोरात खाली येत होत्या. शेवटची दोन वर्षं त्यातली एक आमची लेक आणत होती.

दोन दिवस हे घरात असून नसल्यासारखे होते. चहाची वेळ चुकली. आंघोळीला आठाची वीस मिनिटं झाली, तरी बाहेर येईनात, म्हणून मी दार वाजवलं. मंगळवारी सकाळी माझी दुकानात जायची पाळी नव्हती. मी भाजी चिरत होते, हे बाहेर जाऊन आले. सहज माझं लक्ष कार्डबोर्डकडे गेलं. हिरवा दोरा नव्हता. टाचणीला लावलेली तिकिटंही नव्हती.

रद्द केली, हे म्हणाले. आता जाऊन काय करायचं? मोजण्यासारखं काही राहिलं नाही.

मी सुरी खाली ठेवली. भांडणात माझा आवाज चढतो हे शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे, पण त्या दिवशी तो चढला नाही. मी म्हटलं की मला मोजायचं नव्हतंच कधी. मला डोंगर बघायचे होते आणि मला माझी लेक बघायची होती, आणि ह्या दोन्ही गोष्टी मी इतकी वर्षं ह्या घरात मागतेय. चार वर्षं मी स्वेटर विणून पोस्टाने पाठवते आणि तिला तो खांद्यात बसतो की नाही हे मला फोनवर विचारावं लागतं. तुमचं चुकलं, ठीक आहे, माणसाचं चुकतं. पण तुमचं चुकलं म्हणून आता शिक्षा मला का?

"कोणत्या तोंडाने जाऊ तिच्यासमोर?" हे म्हणाले.

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार आता?"

हे हसले नाहीत. खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मग मी मनाचा हिय्या केला आणि सांगून टाकलं की मी तिच्याशी बोलते. दर गुरुवारी, चार वर्षं. तुम्हाला रागवायचं असेल तर आत्ताच एकदम रागवून घ्या, म्हटलं.

"माहीत आहे," हे म्हणाले.

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"गुरुवारी चारला ऊन तापलेलं असतं. उन्हात कोणी फिरायला जातं का? मी कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून असतो. तुमचं बोलणं अर्ध्या तासात होतं. पंधरा मिनिटं मी जास्तीची ठेवली होती, कधी लांबलं तर."

मी स्वतःला मोठी हुशार समजत होते. माझ्या त्या पंचेचाळीस मिनिटांसाठी हा माणूस चार वर्षं कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून होता. मला राग यावा की रडू यावं ते कळेना, तेव्हा दोन्ही आलं. मी म्हटलं की एवढं कळत होतं तर स्वतः का नाही बोललात? हे म्हणाले की काय बोलणार, मी बरोबर होतो ना. आणि मग थोड्या वेळाने म्हणाले, निदान मला तसं वाटत होतं.

मी माझा फोन आणून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी नावं वरखाली केली आणि विचारलं की ही कुठाय ह्यात. मी लेकीचं नाव 'भिंगांचा कारखाना' म्हणून ठेवलं होतं, तुमच्या नजरेस पडू नये म्हणून, असं मी सांगितल्यावर ह्यांच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. मी लावून देऊ का, विचारलं. नको म्हणाले. आधी ह्यांनी कागद घेतला आणि काय काय बोलायचं त्याचे मुद्दे लिहायला बसले. तीन मुद्दे झाले, चौथ्याला पेन थांबलं. मग कागद तसाच ठेवून ह्यांनी नंबर लावला. फोन टेबलावर ठेवला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

तिने लगेच उचलला.

"आई? आज मंगळवार." तिचा आवाज आधीच घाबरलेला होता. "काय झालं? बाबांना काही झालं का?"

ह्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चार वर्षं अवेळी फोन वाजला की आमची लेक पहिल्यांदा कशाला भीत होती, ते आम्हा दोघांना एकदमच कळलं. मी फोनसाठी हात पुढे केला. ह्यांनी माझा हात बाजूला केला.

"मी बोलतोय," हे म्हणाले. "मला काही झालेलं नाही. मी बरा आहे."

मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"चाचणीची गाडी रिकामी होती गं. मी कागद उलटून बघितला नव्हता. सव्वीसच लागतात. तू खरं बोललीस आणि मी तुला घराबाहेर..." ह्यांनी चष्मा काढला आणि मुठीत धरून ठेवला.

लेक रडत होती. रडताना ती नाक ओढते, लहानपणापासून. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई म्हणत होती तुम्ही दोघं येणार होतात इकडे."

"तिकिटं रद्द केली मी."

"मग दुसरी काढा. कधी येताय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कार्डबोर्डकडे, मग फोनकडे. उभ्या आयुष्यात ह्या माणसाने कुणाला वेळ विचारली नव्हती, नुसती सांगितली होती.

"तुला कधी सवड आहे?" हे म्हणाले. "तू सांग. आम्ही त्याप्रमाणे येतो."